‘कुठे चाललात?’ हे इंग्रजीत कसे विचारावे?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २६ वर्षांच्या असून पारोळा तालुक्यातील एका गावातून नोकरीसाठी जळगावात आल्या आहेत. शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. गेल्या आठ महिन्यांपासून त्या एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करतात आणि अजिंठ्याला जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांशी त्यांचा रोज संबंध येतो. पत्रात त्यांनी तीन प्रसंग कळवले आहेत. रात्री नऊ वाजता आलेल्या एका दांपत्याचे त्यांनी ‘गुड नाइट’ म्हणून स्वागत केले, तेव्हा शेजारचा सहकारी हसला. सकाळी बाहेर पडणाऱ्या एका पाहुण्या बाईंना त्यांनी हसून ‘व्हेअर आर यू गोइंग, मॅडम?’ असे विचारले, तर त्या बाई थबकल्या आणि ‘का, काही अडचण आहे का?’ असे त्यांनी उलट विचारले. पुण्यात संगणक कंपनीत असलेल्या शाळेतल्या मैत्रिणीने ‘हे, व्हॉट्स अप?’ असा संदेश पाठवला. त्याला पत्रलेखिकेने कापसाच्या भावापासून वडिलांच्या गुडघेदुखीपर्यंत सविस्तर इंग्रजीत उत्तर लिहिले, आणि परत आला तो एक अंगठा. त्या विचारतात, ‘अनोळखी माणसाला काय म्हणावे आणि ओळखीच्याला काय? सगळीकडे चालेल असे एकच बिनचूक अभिवादन आहे का? माझे इंग्रजीच कच्चे आहे, तर क्लास लावू का?’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात लाल पेन घेतले. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे ती खोड काही जात नाही. पेनाला काम मिळाले नाही. ‘व्हेअर आर यू गोइंग, मॅडम?’ या वाक्याला कोणत्याही परीक्षेत पूर्ण गुण मिळतील, आणि मैत्रिणीला लिहिलेल्या उत्तराचा जो भाग तुम्ही उतरवून पाठवला आहे, तोही चांगला स्वच्छ आहे. तेव्हा ‘माझे इंग्रजी कच्चे आहे’ असे जे तुम्ही गृहीत धरले आहे, तिथेच मला थोडे थांबावेसे वाटते. व्याकरणात तुम्ही कुठेच अडखळलेल्या नाहीत. मग त्या बाई का थबकल्या?

याचे उत्तर शोधण्यासाठी तुमच्या गावच्या स्टँडवर जाऊ. हातात पिशवी घेऊन एक माणूस एसटीची वाट पाहत उभा असतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला आपल्या अहिराणीत विचारतो, ‘कथा चालना भो?’ तो प्रत्येकाला सांगतो, ‘काही नही, आठेच’, म्हणजे इथेच. पारोळ्याची एसटी समोरून येताना दिसत असते, त्याला तालुक्याला जायचे आहे हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते, तरीही प्रश्न विचारला जातो आणि ‘आठेच’ या उत्तराला कोणी खोटे मानत नाही. उलट तो माणूस जर थांबून ‘आधी तलाठ्याकडे उताऱ्याचे काम आहे, मग बँकेत जाईन, मग जमले तर शालकाला भेटून येईन’ असे सांगू लागला, तर विचारणाराच घाईने आपली गाडी पुढे काढील. त्याला माहिती नको होती. ‘मी तुला पाहिले, तू माझ्या ओळखीचा आहेस, आपले बरे चालले आहे’ एवढेच त्याला कळवायचे होते, आणि ‘आठेच’ने त्याची पोच मिळाली.

अशा बोलण्याला मानवशास्त्रात नाव आहे. पोलंडमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये काम केलेले ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून तिथल्या लोकांचा अभ्यास केला होता. केवळ माणसांमधील बंध राखण्यासाठी जे बोलले जाते, त्याला त्यांनी १९२३ मध्ये ‘फॅटिक कम्युनियन’ हे नाव दिले. नाव विसरलात तरी चालेल. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की प्रत्येक भाषा असे काही प्रश्न आतून पोकळ करून ठेवते आणि कोणते प्रश्न पोकळ करायचे, याची प्रत्येकीची निवड वेगळी असते. आपण ‘कुठे चालला?’, ‘जेवण झाले का?’, ‘काय चालू शे?’ हे निवडले. इंग्रजीने प्रकृती आणि हवामान निवडले. तुम्ही त्या बाईंना आपल्याकडचा पोकळ प्रश्न विचारलात. त्यांच्या भाषेत मात्र तो भरीव आहे, आणि भरीव असल्यामुळे एका अनोळखी व्यक्तीने आपल्या येण्या-जाण्याची चौकशी करावी, असा त्याचा अर्थ त्यांच्या कानाला लागला. मैत्रिणीच्या बाबतीत नेमके उलटे झाले. ‘व्हॉट्स अप?’ हा पोकळ प्रश्न होता आणि तुम्ही तो भरीव समजलात. म्हणजे स्टँडवर तलाठ्यापासून शालकापर्यंत सगळे सांगणारा माणूस त्या दिवशी तुम्ही होतात.

माझी स्वतःची फजिती सांगितली तर तुम्हाला जरा हलके वाटेल. एम. ए.ला असताना आमच्या महाविद्यालयात एक पाहुणे प्राध्यापक आले होते. रांगेत उभ्या असलेल्या आम्हा मुलांपैकी माझ्याकडे हात पुढे करून ते म्हणाले, ‘हाऊ डू यू डू?’ मी ताठ उभा राहून उत्तर दिले, ‘आय ॲम डूइंग एम. ए., सर.’ ते गृहस्थ सज्जन होते, त्यांनी ‘व्हेरी गुड’ म्हटले. माझ्या मागे उभ्या असलेल्यांनी मात्र पुढली दोन वर्षे मला याच वाक्याने हाक मारली. ‘हाऊ डू यू डू?’चे रूढ उत्तर ‘हाऊ डू यू डू?’ हेच आहे, म्हणजे ‘राम राम’ला ‘राम राम’, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. आता हे अभिवादन तिकडेही फारसे ऐकू येत नाही, त्यामुळे तुम्ही ते वापरण्याची गरज नाही. पण एखाद्या वयस्क ब्रिटिश पाहुण्याच्या तोंडून आले, तर माझ्यासारखे करू नका.

त्या फजितीतून मी एक पद्धत धरली आणि नंतर वर्गात ती वर्षानुवर्षे वापरली. अभिवादन कधीही सुटे पाठ करू नये, त्याच्या उत्तरासह जोडीने पाठ करावे, कारण पहिले वाक्य सगळ्यांनाच येते आणि घोटाळा होतो तो दुसऱ्या वाक्यावर. ‘हाऊ आर यू?’ असे कोणी विचारले, की ‘फाइन, थँक यू. अँड यू?’ किंवा थोडे मोकळे ‘गुड, थँक्स. हाऊ आर यू?’ एवढेच म्हणावे. त्या दिवशी तुम्हाला ताप असला तरी पाहुण्यासमोर उत्तर हेच. ‘व्हॉट्स अप?’ला ‘नॉट मच, यू?’ म्हणजे अक्षरशः ‘काही नही, आठेच’. ब्रिटिश पाहुणा सकाळी ‘यू ऑल राइट?’ म्हणेल, आपला चेहरा आजारी दिसतो की काय, अशी शंका घेऊ नका, ‘येस, थँक्स. यू?’ म्हणा. ऑस्ट्रेलियन माणूस ‘हाऊ आर यू गोइंग?’ असेही म्हणतो, आणि तिथे ‘बाय बस’ असे उत्तर देण्याचा मोह खानदेशी माणसाला नक्की होईल, कारण शेवटी आपला ‘कुठे चालला?’ त्याच्याच घरचा वाटतो. तोही ‘कसे काय?’ एवढाच आहे. पाहुण्याने ‘थँक यू’ म्हटल्यावर आपल्याकडे नुसते ‘वेलकम’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. दारात आलेल्या माणसाला ‘वेलकम’ आणि आभारांना ‘यू आर वेलकम’, ही जोडी वेगळी ठेवावी.

आता ‘गुड नाइट’. ही चूक इतकी सर्वदूर आहे, की हसलेला तुमचा सहकारीही कधीतरी ती करून बसला असणार. चूक होण्याचे कारण साधे आहे. सकाळी ‘मॉर्निंग’, दुपारी ‘आफ्टरनून’, संध्याकाळी ‘इव्हनिंग’ अशी गाडी आली, की पुढचे स्टेशन ‘नाइट’ असणार असे कोणालाही वाटेल. परंतु पहिली तिन्ही भेटताना म्हणायची आहेत आणि चौथे निरोप घेताना म्हणायचे आहे. रात्री नऊला सामानासह दारात आलेल्या दांपत्याला ‘गुड नाइट’ म्हणजे ‘बरे, या आता’ म्हटल्यासारखे झाले. त्यांना ‘गुड इव्हनिंग, वेलकम’ म्हणायचे आणि खोलीची किल्ली हातात दिल्यावर ‘गुड नाइट’. ‘आफ्टरनून’ दुपारी बारापासून सुरू होते आणि साधारण पाच-सहाच्या सुमारास ‘इव्हनिंग’ लागते. मे महिन्यात जळगावात सहा वाजतादेखील अंगाची लाही होत असते आणि त्याला ‘इव्हनिंग’ म्हणणे जिवावर येते, हे मला मान्य आहे, पण इथे घड्याळाचे ऐकावे, उन्हाचे नाही.

तुमच्या कामात आणखी एक वेळ येते, जिच्याविषयी पाठ्यपुस्तके गप्प असतात. मुंबई–हावडा मार्गावरील गाड्या जळगाव स्थानकावर रात्री-अपरात्री येतात, आणि दीड-दोन वाजता डोळे चोळत पाहुणा समोर उभा राहतो. घड्याळाने ‘मॉर्निंग’ लागलेली असते, पण त्या माणसाची रात्र अजून संपलेली नसते, त्यामुळे ‘गुड मॉर्निंग’ त्याला थट्टेसारखे वाटेल. अशा वेळी ‘हॅलो, वेलकम’ आणि त्यामागोमाग त्याचे नाव, हे पुरते. नाव घेताना आडनावामागे ‘मिस्टर’ लावावे. ‘मिस्टर जॉन’ असे पहिल्या नावाला लावण्याची आपली पद्धत त्यांना विचित्र वाटते. स्त्रियांसाठी ‘मिज’ वापरावे, म्हणजे विवाहित की अविवाहित हा प्रश्नच उरत नाही. नाव माहीत नसेल तर ‘मे आय हॅव युअर नेम, प्लीज?’ असे विचारावे. ‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ हे आपल्या ‘शुभ नाव’चे भाषांतर आहे, आपल्या कानाला ते गोड वाटते, पण परदेशी पाहुणा मनात विचार करतो, की माझे वाईट नाव कोणते असावे.

‘सगळीकडे चालेल असे एकच अभिवादन’ तुम्ही विचारले आहे. अगदीच बोट ठेवायचे झाले तर मी ‘हॅलो’वर ठेवीन. गंमत अशी, की आज मधल्या वजनाचा वाटणारा हा शब्द एकेकाळी दुरून हाळी घालण्याच्या किंवा आश्चर्य दाखवण्याच्या जातीचा होता. दूरध्वनी आल्यावर, समोर न दिसणाऱ्या माणसाशी बोलणे सुरू कसे करावे हाच मुळी नवा प्रश्न उभा राहिला; ग्रॅहॅम बेल यांना खलाशांची ‘अहॉय’ ही हाक पसंत होती, तर एडिसन यांनी १८७७ मध्ये एका पत्रात ‘हॅलो’ सुचवले, आणि पुढे तेच टिकले. अनोळखी माणसाशी बोलण्याची अडचण इंग्रजी बोलणाऱ्यांनाही होतीच, आणि त्यांनीही ती एक हाळी उसनी घेऊन सोडवली. तेव्हा ‘बिनचूक’ हा शब्द तुम्ही मनातून काढून टाकावा, असे मी सुचवीन. ‘हॅलो’ कोणालाही खटकत नाही, पण कोणाला विशेष आनंदही देत नाही. हॉटेलच्या दारात वेळेचे अभिवादन त्याहून सरस, कारण त्यात थोडी अदब आहे आणि ते माणसाकडे पाहून म्हटल्यासारखे वाटते.

‘हाय’ आणि ‘हे’ यांच्याबाबत थोडे सावध राहावे. ‘हाय’ आता बऱ्याच ठिकाणी अनोळखी माणसालाही चालते, विशेषतः पाहुणा तरुण असेल आणि त्याने स्वतःच तसे म्हटले असेल तर. (आमच्या आईला हा शब्द शेवटपर्यंत रुचला नाही, ‘हाय खाल्ल्यासारखे काय करता?’ असे ती विचारायची.) ‘हे’ मात्र पहिल्या भेटीत नको. एक सोपा आडाखा असा, की आरंभ तुम्हाला करायचा असेल तेव्हा एक पायरी वरून करावा आणि पाहुणा खाली उतरला तर त्याच्याबरोबर उतरावे. तुम्ही ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणालात आणि तो ‘हाय’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी तुमचे ‘हाय’ खुशाल चालेल. पण तुमच्या ‘हाय’ला त्याने ‘गुड मॉर्निंग’ असे उत्तर दिले, तर आपण एक पायरी घसरलो असे समजावे. हस्तांदोलनालाही हाच न्याय लावता येतो, पाहुण्याचा हात पुढे आला तर द्यावा. नाही तर हात जोडावेत, आणि त्यात जराही संकोच नसावा. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या सुरुवातीला ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनीही लंडनमधल्या एका समारंभात हात मागे घेऊन नमस्कार केला होता.

पहिल्या भेटीत ‘नाइस टू मीट यू’ आणि तोच पाहुणा पुन्हा आला तर ‘नाइस टू सी यू अगेन’, हा फरक लहान आहे, पण आपल्याला ओळखले याचा त्या पाहुण्याला जो आनंद होतो तो मोठा असतो. निरोपाच्या बाबतीत आपल्याला एक फायदा आहे. आपण घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, आणि त्याचा शब्दशः अर्थ कोणी घेत नाही. तसेच ‘सी यू लेटर’ म्हणजे भेट ठरली असे नाही. ‘गुडबाय’ मुळात ‘देव तुमच्यासोबत असो’ अशा अर्थाच्या शब्दांचे आखडलेले रूप आहे, परंतु आता ते कायमच्या निरोपासारखे लागते. संध्याकाळी परत येणाऱ्या पाहुण्याला सकाळी ‘हॅव अ नाइस डे’ म्हणावे. त्या बाईंनाही तुम्हाला हेच म्हणायचे होते. तुमच्या तोंडून ते पारोळ्याच्या वळणाने बाहेर पडले, एवढेच. त्यांच्याशी दोन शब्द जास्त बोलावेसे वाटले, तर हवामान आहेच, आणि या विषयात जळगावकराला कोणी हरवू शकत नाही. ‘इट्स व्हेरी हॉट टुडे, इझन्ट इट?’ असे म्हणून पाण्याची बाटली पुढे केलीत, तर त्याहून योग्य अभिवादन मला सुचत नाही.

मैत्रिणीचे मी मुद्दाम मागे ठेवले, कारण तिथे माझे मत तुम्हाला कदाचित पटणार नाही. मैत्रिणीला इंग्रजीत काय म्हणावे हे तुम्ही विचारले आहे. तिला इंग्रजीत काही म्हणायचेच कशाला, असे मी विचारतो. तिने ‘हे, व्हॉट्स अप?’ लिहिले ते तिच्या कार्यालयातल्या सवयीने, तुमची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. तुम्ही मात्र परीक्षेला बसलात आणि दीर्घोत्तरी प्रश्न सोडवलात. ज्या मुलीबरोबर तुम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसलात, तिला ‘काय चालू शे व?’ असे लिहून पाहा. माझा अंदाज आहे की अंगठा येणार नाही, फोन येईल. वडिलांच्या गुडघ्याची गोष्ट त्या फोनवर सांगण्याची आहे, आणि ती सांगायलाच हवी, कारण पोकळ प्रश्नांमागे भरीव बोलणे उरले नाही तर मैत्री नुसत्या अंगठ्यांवर चालू लागते. तिने तरीही इंग्रजीच ठेवले, तर ‘हे! ऑल गुड, यू?’ एवढे लिहावे आणि पुढल्या ओळीत मराठीवर यावे.

मैत्रिणींना ‘डिअर’ म्हणायला हरकत नाही, पण पाहुण्यांना समोरासमोर किंवा संदेशात नुसते ‘डिअर’ म्हणू नका. पत्राच्या किंवा ई-मेलच्या आरंभी ‘डिअर मिस्टर’ आणि पुढे आडनाव, हा औपचारिक मायना आहे. बोलताना मात्र तोच शब्द फार जवळिकीचा होतो. ‘रिस्पेक्टेड सर’ आपल्याकडच्या अर्जांत शोभते, परदेशी पाहुण्याच्या आरक्षणाच्या उत्तरात ‘डिअर’च बरे.

राहता राहिला तुमचा मूळ प्रश्न, ‘व्हेअर आर यू गोइंग?’ तो कायमचा टाकून देऊ नका. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सकाळी टोपी, पाण्याची बाटली, कॅमेरा अशा तयारीने निघालेला पाहुणा ६० किलोमीटर जाऊन बंद फाटकासमोर उभा राहणार, हे तुम्हाला काउंटरमागूनच दिसत असते. त्या दिवशी प्रश्न भरीव असतो. फक्त आधी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणावे आणि मग विचारावे, ‘आर यू गोइंग टू अजिंठा टुडे? द केव्ह्ज आर क्लोज्ड ऑन मंडेज.’